मानसशास्त्रातलं संशोधन: "टेस्ट कोणती लावू?" हा प्रश्न कधी विचारायचा?

पाऊलवाट

मी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संशोधन पद्धती शिकवते. प्रकल्पांचे दिवस आले की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "मॅडम, डेटा गोळा झालाय, आता टेस्ट कोणती लावू?" टेस्ट म्हणजे संख्याशास्त्रीय चाचणी. सोबत एक्सेलची फाइल. चार प्रश्नावल्यांचे गुण, वय, लिंग, भावंडं किती, झोप किती तास, रोजचा मोबाइल किती वेळ. यातून काय शोधायचंय असं विचारलं की उत्तर येतं, "जे सिग्निफिकंट येईल ते."

दोष मुलांचा नाही. पद्धतींचा पेपर वेगळा, संख्याशास्त्राचा वेगळा, आणि दोन्हींची गाठ प्रकल्पाच्या शेवटच्या महिन्यात पडते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली भारतीय सांख्यिकी परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात हेच सांगितलं होतं: प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला लावणं. प्रयोग कशाने मेला एवढंच तो सांगू शकेल.

माझं म्हणणं असं की, टेस्ट कोणती हे पहिला फॉर्म वाटायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. कारण तुलना कोणाची कोणाशी, मोजमाप कसलं आणि माणसं किती, ही तीन उत्तरं तयार असली की टेस्ट जवळजवळ आपोआप ठरते. ती उत्तरं नसतील तर कोणतीच टेस्ट वाचवू शकत नाही. तुमचे अनुभव काय आहेत?

तिसरी घंटा

वाचतेय. सविस्तर लिहीन सवडीने.

नीरज_क

अंशतः असहमत. सगळं आधी ठरवायचं म्हटलं तर शोध लागायचे कसे? एबिंगहाउसने विस्मरणाचा आलेख स्वतःवरच प्रयोग करून काढला, १८८५ मध्ये. बालविकासाचा अभ्यास करणाऱ्या पियाजेने आपल्या तीन मुलांकडे बारकाईने बघितलं. त्यांच्याकडे कुठली टेस्ट ठरलेली होती? विद्यार्थ्याने डेटा उलटसुलट करून बघितला, त्यात काही अनपेक्षित दिसलं, तर त्याला गुन्हेगार का ठरवायचं? उत्सुकता मारून टाकू नका.

पाऊलवाट

@नीरज_क, बघायला अजिबात ना नाही, बघावंच. पण ज्या डेटात एखादी गोष्ट सापडली त्याच डेटाने ती सिद्धही झाली असं म्हणता येत नाही. वरची फाइल घ्या. चार प्रश्नावल्या आणि पाच वैयक्तिक माहितीचे रकाने, म्हणजे वीस जोड्या. समजा यातल्या एकाही जोडीत खरा संबंध नाही. प्रत्येक जोडीला ०.०५ ची पातळी लावली (म्हणजे खरा संबंध नसताना शंभरात पाच वेळा चुकून होकार) आणि जोड्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर किमान एक तरी जोडी "सार्थक" (सिग्निफिकंट) निघण्याची शक्यता ६४ टक्के आहे. मग विद्यार्थी ती एकच जोडी उचलतो, तिच्याभोवती प्रस्तावना लिहितो आणि पहिल्यापासून हेच शोधत होतो असा आव आणतो. माझा आक्षेप त्या आव आणण्याला आहे. शोधक विश्लेषण केलं तर तसं स्पष्ट लिहा आणि पडताळणी नव्या नमुन्यावर करा.

एबिंगहाउसबद्दल मात्र नाही म्हणेन. निरर्थक अक्षरगट, ठरलेला वेग, ठरलेली कालांतरं. त्याची आखणी आजच्या बहुतेक प्रकल्पांपेक्षा काटेकोर होती.

रेघोट्या

पी हा टेस्टमधून निघणारा आकडा, ०.०५ च्या खाली आला की निकाल सार्थक मानतात. ०.०६ आला की "सार्थकतेकडे झुकणारा निकाल". ०.०४ आला तर "असार्थकतेकडे झुकणारा" असं लिहिलेलं कुणी पाहिलंय का? :)

अबोली

धागा अगदी वेळेवर आला. मी एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा विषय: शिथिलीकरणाच्या सरावाने परीक्षेचा ताण कमी होतो का. आधी बऱ्याच विद्यार्थ्यांना ताणाची प्रश्नावली दिली, त्यातले सर्वाधिक गुणांचे तीस जण निवडले, सहा आठवडे सराव घेतला, पुन्हा तीच प्रश्नावली दिली. गुण उतरले. पेअर्ड टी-टेस्ट (त्याच माणसांच्या आधीच्या-नंतरच्या गुणांची तुलना) लावली, पी ०.००३.

मार्गदर्शक खूश आहेत. पण सादरीकरणात एका परीक्षकांनी विचारलं, "नियंत्रित गट कुठाय?" मी म्हटलं, प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच आहे, मग सराव न घेतलेला दुसरा गट कशाला? ते नुसते हसले. मला खरंच समजून घ्यायचंय. फरक इतका स्वच्छ दिसतोय, मग अडचण काय?

गणितवेडा

@अबोली, प्रश्न फार चांगला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

कुठल्याही प्रश्नावलीचा गुण म्हणजे खरा ताण अधिक त्या दिवसाची गडबड. रात्री झोप झाली नाही, सकाळी भांडण झालं, प्रश्न घाईत वाचला. तू सर्वाधिक गुणांचे लोक निवडलेस, म्हणजे खरोखर जास्त ताण असलेले तर आलेच, पण ज्यांचा नेमका तो दिवस वाईट होता असेही बरेच आले. सहा आठवड्यांनी मोजलंस तेव्हा तो वाईट दिवस सरलेला होता. गुण उतरणारच, सराव घेतला काय नि न घेतला काय.

आकड्यात बघू. समजा प्रश्नावलीचं मध्यमान (सरासरी) ५०, प्रमाण विचलन (गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा) १० आणि पहिल्या-दुसऱ्या मोजणीतला सहसंबंध (दोन्ही किती जुळतात, पूर्ण जुळल्या तर १) ०.७. निवडलेल्या गटाची सरासरी ६५ असेल, तर दुसऱ्या वेळी, काहीही न करता, अपेक्षित सरासरी ५० + ०.७ × १५ = ६०.५. साडेचार गुणांची घट फुकट. तीस माणसांवर ही घट टी-टेस्टमध्ये घातली तर टी साधारण ३.४ येतो, पी ०.००२ च्या आसपास. तुझ्या निकालाशी ताडून बघ.

याला मध्याकडे प्रतिगमन म्हणतात. गाल्टनने १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून ते दाखवलं. मानसशास्त्रज्ञ कानेमान यांनी सांगितलेला इस्रायली वैमानिक प्रशिक्षकांचा किस्सा यातलाच: शाबासकी दिली की पुढचं उड्डाण बिघडतं, झापलं की सुधारतं, अशी प्रशिक्षकांची ठाम समजूत झाली होती. खरं तर फार चांगल्या उड्डाणानंतर साधारण उड्डाण येतं आणि फार वाईटानंतरही साधारणच. बोलण्याचा त्यात काही हात असो वा नसो, दिसणार तेच.

तर टेस्ट चुकलेली नाही. "दोन मोजण्यांत फरक आहे का" एवढंच ती सांगते, आणि फरक आहेच. तो सरावामुळे आहे का, हे तिला विचारलेलंच नाही.

अबोली

बापरे. म्हणजे सहा आठवड्यांचं काम वाया?

पाऊलवाट

वाया कशाला? निष्कर्षात "सरावामुळे ताण कमी झाला" असं लिहू नकोस. "सरावाच्या काळात गुण उतरले; नियंत्रित गट नसल्याने आणि निवड टोकाच्या गुणांवर झाल्याने कारण सांगता येत नाही" असं लिही. शिवाय सहभागी लोकांनी सराव किती पाळला, मध्येच किती जण सोडून गेले, कोणता भाग त्यांना जड गेला, ही माहिती तुझ्याकडे आहे. पुढच्या अभ्यासाला हीच लागते.

पुढच्या वेळी उपाय सोपा आहे. जास्त ताणाचे लोक निवड, मग चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना सराव आत्ता आणि अर्ध्यांना दुसऱ्या मोजणीनंतर. प्रतिगमन दोन्ही गटांत सारखंच होईल. त्यावर जो जास्तीचा फरक उरेल तो सरावाचा. कुणाला सरावापासून कायमचं वंचित ठेवलं असंही होत नाही, त्यामुळे नैतिकतेच्या समितीलाही पटतं. आणि तुलना "सराव गटात फरक सार्थक, दुसऱ्यात नाही" अशी करायची नाही. दोन गटांची थेट एकमेकांशी करायची, आधीचे गुण सहचल म्हणून घेऊन, म्हणजे सुरुवातीचा फरक हिशेबात धरून. या टेस्टचं नाव अँकोव्हा.

मनमोकळा

"एका गटात सार्थक, दुसऱ्यात नाही, म्हणून गट वेगळे" हे तर छापून आलेल्या लेखांतही सर्रास दिसतं. एकाचा पी ०.०४, दुसऱ्याचा ०.०७, आणि त्यावर मोठा निष्कर्ष. दोन निकालांमधला फरक स्वतः सार्थक आहे का, हे कुणी तपासतच नाही. हा मुद्दा ठळक अक्षरात लावायला हवा.

दीपमाळ

अवांतर आहे, पण मूळ प्रश्न. हा पी म्हणजे नक्की काय? आम्हाला "निकाल योगायोगाने येण्याची शक्यता" असं शिकवलं होतं. आणि ०.०५ हा आकडा आला कुठून?

गणितवेडा

अवांतर कसलं, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पी म्हणजे: खरोखर काहीच परिणाम नसता, तर आपल्याला मिळाला तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता. यात "परिणाम नाही" हे गृहीत धरलेलं आहे. त्यामुळे "परिणाम नसण्याची शक्यता किती" याचं उत्तर पी देऊच शकत नाही. अमेरिकन सांख्यिकी संघटनेला २०१६ साली यावर खास निवेदन काढावं लागलं, इतका हा गैरसमज मुरलेला आहे.

०.०५ रूढ झाला तो फिशरच्या १९२५ च्या पुस्तकातून. प्रसामान्य वक्रात (घंटेच्या आकाराच्या आलेखात) मध्यापासून १.९६ प्रमाण विचलनांच्या पलीकडे, दोन्ही टोकं मिळून, ५ टक्के भाग उरतो. १.९६ म्हणजे जवळपास दोन. सोयीचा आकडा, बाकी निसर्गात तशी काही रेघ मारलेली नाही.

आता दुसरं गणित. समजा हजार परिकल्पना तपासल्या, त्यातल्या शंभर खऱ्या. अभ्यासाची शक्ती (खरा परिणाम पकडला जाण्याची शक्यता) ८० टक्के असेल तर ८० खऱ्या सापडतील. उरलेल्या नऊशे खोट्यांपैकी ५ टक्के, म्हणजे ४५, चुकून सार्थक येतील. एकूण १२५ सार्थक निकालांत ४५ खोटे: ३६ टक्के. पाच टक्के नाही! आणि नमुना लहान असल्याने शक्ती ३५ टक्क्यांवर घसरली, तर ३५ खरे आणि ४५ खोटे. निम्म्याहून अधिक निकाल फोल, आणि कुणी लबाडी केलेली नसताना.

गोलघुमट

मग सरळ म्हणा ना की मानसशास्त्र हे विज्ञानच नाही. २०१५ साली "सायन्स" नियतकालिकात आलं होतं, शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले तर जेमतेम ३६ टक्के टिकले. आम्ही अभियांत्रिकीत असले आकडे दाखवले तर घरी पाठवतील.

दुपारचा वारा

@गोलघुमट, आकडा बरोबर, निष्कर्ष घाईचा. मूळ शंभर अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निकाल सार्थक होते, पुनरावृत्तीत ३६ टक्क्यांचे आले, आणि परिणामाचा आकार सरासरीने निम्मा भरला. हे दुखणारं आहे, मान्य. पण तो प्रकल्प कुणी केला? मानसशास्त्रज्ञांनीच. ब्रायन नोसेक आणि दोनशेहून अधिक संशोधकांनी आपल्याच क्षेत्राची झडती घेतली आणि निकाल जसाच्या तसा छापला. ज्ञानशाखा विज्ञान आहे की नाही याची माझ्या लेखी हीच कसोटी.

त्याआधी २०११ मध्ये डॅरिल बेम यांचा लेख एका अग्रगण्य नियतकालिकात आला होता. नऊ प्रयोग, हजाराहून अधिक सहभागी, आणि दावा असा की माणसांना पुढे घडणाऱ्या गोष्टींची चाहूल लागते. पद्धती नेहमीच्याच, टेस्ट नेहमीच्याच. लोक हादरले ते यामुळे की, याच पद्धतींनी भविष्यज्ञान सिद्ध होत असेल तर याच पद्धतींवर उभ्या असलेल्या बाकीच्या निकालांचं काय? त्याच वर्षी सिमन्स, नेल्सन आणि सायमनसोन यांनी दाखवून दिलं की टेस्ट निवडण्यात, माणसं वाढवण्यात आणि चल (मोजलेल्या गोष्टी) गाळण्यात थोडी मोकळीक घेतली, तर विशिष्ट गाणं ऐकल्याने माणसाचं वय कमी होतं असंही "सार्थक"पणे दाखवता येतं. वय, भावना नव्हे! मोकळिकीचे चार प्रकार एकत्र आले की खोट्या सार्थक निकालाची शक्यता ५ टक्क्यांवरून ६१ टक्क्यांवर जाते.

मी रुग्णांसोबत काम करते. कोणती उपचारपद्धती सुचवायची हे असल्या अभ्यासांवरच ठरवते, म्हणून मला हा विषय जिव्हाळ्याचा आहे. सगळंच ढासळलेलं नाही. स्ट्रूपचा परिणाम (रंगाचं नाव एक आणि शाईचा रंग दुसरा असला की रंग सांगायला वेळ लागतो) १९३५ पासून आजवर कुठल्याही वर्गात करून बघा, दिसतो. उलट "इच्छाशक्ती वापरली की संपत जाते" हे १९९८ पासून छातीठोकपणे शिकवलं जायचं. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी, दोन हजारांवर सहभागींसह, एकाच आराखड्याने ते तपासलं आणि परिणाम शून्याच्या आसपास निघाला. काय टिकतं, काय नाही, हे आता कळायला लागलंय.

गोलघुमट

हम्म. स्वतःची झडती स्वतः घेतली हा मुद्दा घेतो. तरी प्रयोग एका ठिकाणी आणि निष्कर्ष "माणूस असा असतो" हे मला खटकतंच.

दुपारचा वारा

खटकायलाच हवं. आर्नेट यांनी २००८ मध्ये आघाडीची अमेरिकन नियतकालिकं तपासली तेव्हा ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते. जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा साधारण १२ टक्के. त्यातही कॉलेजातली मुलंच फार.

तिसरी घंटा

आता सविस्तर. सगळे पी आणि नमुन्यावर बोलताहेत, मोजमापाकडे कुणी फिरकलंच नाही. मी प्रश्नावल्यांवर काम करते, आणि बहुतेक प्रकल्प टेस्टपर्यंत पोचायच्या आधीच इथे अडखळलेले असतात.

नेहमीचा प्रसंग. वीस विधानांची चिंतेची श्रेणी (मोजायची प्रश्नावली), प्रत्येकाला १ ते ५ गुण. त्यातली सहा-सात विधानं उलटी असतात: "मला निवांत वाटतं", "मी शांतपणे निर्णय घेतो". यांचे गुण फिरवून घ्यावे लागतात, ५ चा १, ४ चा २. घाईत ते राहून जातं. मग क्रॉनबाख अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप, चांगलं तर १ च्या जवळ) ०.३ येतो, कधी चक्क ऋण येतो, आणि विद्यार्थी म्हणतो "प्रश्नावलीच वाईट आहे". आधी उलटी विधानं तपासा! प्रत्येक विधानाचा उरलेल्यांच्या बेरजेशी सहसंबंध बघितला की ऋण चिन्हाची विधानं लगेच हाती लागतात.

याउलट अल्फा ०.९ आला की लोक निर्धास्त होतात. अल्फा विधानांच्या संख्येनेही वाढतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.३ धरा: दहा विधानांना अल्फा ०.८१, वीस विधानांना ०.९०. विधानं तितपतच जुळणारी, नुसती संख्या दुप्पट. आणि एकच विधान पाच प्रकारे फिरवून विचारलं तरी अल्फा झकास येतो. विधानं एकमेकांशी जुळतात एवढंच तो सांगतो. ती चिंताच मोजताहेत की इंटरनेटचा वैताग, ही सप्रमाणता वेगळी दाखवावी लागते.

@अबोली, तुझी श्रेणी कुणावर प्रमाणित झाली होती, आणि तिची पुनर्चाचणी विश्वसनीयता (त्याच माणसांच्या दोन मोजण्यांतला सहसंबंध) किती, हे आधी बघ. @गणितवेडा यांनी ०.७ धरलाय. तुझ्या श्रेणीची ०.९ असेल तर फुकटची घट दीड गुणावर येते. मग चित्र पुष्कळ वेगळं दिसेल.

गणितवेडा

+१. हा मुद्दा माझ्या गणितात गृहीत होता, तो सुटा करून दाखवलात हे बरं झालं. फक्त एक जोड: लागेल तो सहसंबंध सहा आठवड्यांच्या अंतराचा. हस्तपुस्तिकेत बहुधा एक-दोन आठवड्यांचा असतो, तो जास्तच भरतो.

मनमोकळा

नमुना तीसचा असला की पुरतो, असं सगळीकडे ऐकतो. खरं का?

पाऊलवाट

कशाला पुरतो, यावर आहे. दोन स्वतंत्र गटांची तुलना, परिणाम मध्यम म्हणजे कोहेनचा डी (दोन सरासरींतला फरक, प्रमाण विचलनाच्या पटीत) ०.५, पातळी ०.०५ द्विपुच्छ (फरक दोन्ही दिशांना धरून), शक्ती ८० टक्के: प्रत्येक गटात ६४ जण लागतात. परिणाम लहान असेल, डी ०.२, तर प्रत्येक गटात ३९० च्या वर. आणि "मध्यम" म्हणजे फार काही नाही बरं का. डी ०.५ असताना दोन्ही गटांचे आलेख साधारण ८० टक्के एकमेकांवर पडतात. प्रत्येक गटातला एकेक माणूस चिठ्ठीने उचलला तर सराव केलेला सरस निघेल असं १०० पैकी ६४ वेळा. नुसता पी छापून हे कधीच दिसत नाही, म्हणून मी विद्यार्थ्यांकडून परिणामाचा आकार आणि त्याचा विश्वास अंतराल (तो साधारण कुठून कुठवर असू शकतो) सक्तीने लिहून घेते.

रेघोट्या

आणि आलेख! आधी बिंदू काढून बघा. संख्याशास्त्रज्ञ अँस्कॉमने १९७३ मध्ये चार डेटासंच दिले होते, चौघांचं मध्यमान, विचरण (पसारा) आणि सहसंबंध (०.८२) जवळपास तंतोतंत सारखे. आलेख काढला तर एक सरळ, एक वाकडा, एकात एक बिंदू रेषेपासून लांब उडालेला, आणि एकात सगळा सहसंबंध एकाच बिंदूच्या जिवावर.

नीरज_क

परत आलो. पूर्वनोंदणीबद्दल, म्हणजे अभ्यासाआधीच आराखडा नोंदवून ठेवण्याबद्दल, माझी खरी भीती अशी की, आराखडा एकदा जाहीर केला की माणूस त्याला बांधला जातो. पण २०१३ पासून "कॉर्टेक्स" या नियतकालिकाने नोंदणीकृत अहवालांची जी पद्धत सुरू केली ती वाचली. आखणी पाहूनच लेख स्वीकारतात, निकाल काहीही येवो. आराखडा बदलता येतो, फक्त बदल आणि कारण उघड लिहायचं. हे मला पटलं. शून्य निकाल (परिणाम न दिसलेले अभ्यास) टेबलाच्या खणात पडून राहणंही थांबेल. शोधक कामाला मात्र नियतकालिकांत वेगळी, मानाची जागा हवी या मतावर मी ठाम आहे.

पाऊलवाट

त्यावर आपलं एकमत आहे.

अबोली

सगळ्यांचे आभार. हस्तपुस्तिका उघडून बघितली: माझ्या श्रेणीचा पुनर्चाचणी सहसंबंध ०.७४, तोही दोन आठवड्यांचा. म्हणजे गणितवेडा यांचा अंदाज फार लांब नव्हता. निष्कर्ष बदलून लिहायला घेतलाय.

मार्गदर्शकांशी बोलले, पुढच्या सत्रात चिठ्ठ्या टाकून दोन गट करायला ते तयार आहेत. आखणी आत्ताच लिहून ठेवतेय. मूळ धाग्याचा प्रश्न म्हणून विचारते: सराव गटातले काही जण मध्येच सोडून जाणार हे उघड आहे. विश्लेषणात त्यांना धरायचं की गाळायचं? हेही आधीच ठरवायचं का?

पाऊलवाट

हो, हे तर आधीच ठरवायचं. सोडून जाणारे बहुधा तेच असतात ज्यांना फरक पडत नाही. त्यांना गाळलं की सराव गटात फक्त फायदा झालेले उरतात आणि चिठ्ठ्या टाकल्याचा उपयोगच राहत नाही. ज्याची चिठ्ठी ज्या गटात निघाली त्याला त्याच गटात मोजायचं, सराव केला असो वा नसो. म्हणून सोडणाऱ्यांकडूनही शेवटची प्रश्नावली भरून घ्यायची सोय कर. पहिल्याच संमतीपत्रात लिही की सराव केव्हाही थांबवता येईल, आणि थांबवल्यास शेवटची प्रश्नावली तेवढी भरून द्यावी अशी विनंती आहे, तीही सक्ती नाही. मसुदा झाला की इथेच टाक, बघू सगळे मिळून.